खैरटोल्याचं आतडं

"यंदाचा पुतळा खैरटोल्यातच येईल! नाही आला, तर मी मिशी उतरवून देईन!"

ताराचंद मास्तरांनी ही गर्जना केली तेव्हा चहाच्या टपरीवर अर्धं गाव हजर होतं. मास्तरांची मिशी म्हणजे ताक पिऊन तोंड पुसायचं राहिलं की ओठावर रेघ दिसते तेवढीच. त्यामुळे पैजेत मास्तरांचं फारसं काही जाईल असं कुणाला वाटलं नाही. पण आवाज मात्र असा होता की टपरीवाल्याच्या हातून साखर जास्त पडली!

हा पुतळा कुणा पुढाऱ्याचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सिहोऱ्याला तालुक्याचा आरोग्य मेळावा भरणार होता. विषय होता 'आपले शरीर'. शाळेनं आणि गावकऱ्यांनी मिळून शरीराची रचना मांडून दाखवायची. थर्माकोल वापरा, पुठ्ठा वापरा, काय वाटेल ते वापरा. पहिल्या नंबराला बक्षीस म्हणून माणसाच्या उंचीचा देहाचा पुतळा मिळणार होता. छातीचं झाकण उघडायचं, हृदय काढायचं, फुप्फुस काढायचं, पोरांच्या हातात द्यायचं आणि परत बसवायचं!

या पुतळ्यासाठी मास्तरांचा जीव का टांगणीला लागला होता, तेही ऐका. खैरटोल्याच्या शाळेत असलं काही कधीच नव्हतं. उभी नोकरी मास्तरांनी शरीररचना स्वतःच्याच शरीरावर शिकवली. वर्गासमोर उभं राहायचं, डाव्या छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "हृदय इथं." समोरची पोरं आरशात बघितल्यासारखा हात उचलायची आणि स्वतःच्या उजव्या छातीवर ठेवायची! पोरांचे बाप झाले, त्यांची पोरं त्याच बाकांवर आली, आणि खैरटोल्याची हृदयं उजवीकडंच राहिली. इथला माणूस शपथ घेतो तीसुद्धा उजव्या छातीवर हात ठेवून. परवा तपासणी शिबिरात धानाचा व्यापारी गुलाब "हृदयात कळ येते" म्हणाला आणि उजवीकडं बोट दाखवून बसला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" गुलाबनं अभिमानानं मास्तरांकडं बोट दाखवलं!

मास्तरांना रात्रभर झोप आली नाही. मार्चमध्ये निवृत्ती होती. गावाची हृदयं उजवीकडं टाकून घरी बसायचं? त्यांना ते लागलं, अगदी खोल लागलं. पुतळा हवाच होता.

आणि मास्तरांना कल्पना सुचली ती अशी झकास, की ती ऐकून मुख्याध्यापिका सुशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं भलामोठा माणूस आखायचा, उताणा झोपलेला. आणि त्याच्या आत गावकऱ्यांनीच अवयव होऊन उभं राहायचं. जिवंत देह!

"मास्तर, शाळेची शोभा करू नका," सुशीलाबाई म्हणाल्या.

"मॅडम, शोभाच वाढणार आहे!"

घरी शकुनबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवतींनी, हे ऐकलं आणि तांदूळ निवडता निवडता विचारलं, "अवो साधनाचे बाबा, तुमाले घरात सोताचा चष्मा सापडत नाई. देहातल्या एवढ्या वस्तू जागेवर कश्या ठेवसान?"

"तू फक्त पाहात राय!"

"मी तं जलमभर पाहूनच रायली."

शाळेत सभा भरली आणि अवयवांचं वाटप सुरू झालं. लग्नात होत नसतील एवढे रुसवेफुगवे त्या दिवशी एका देहात झाले! सगळ्यांनाच हृदय व्हायचं होतं. शेवटी ते अंगणवाडीच्या भावनाताईंना मिळालं. नाव ऐकून कुणी हरकत घेतली नाही. दमसास असतो म्हणून फुप्फुसं भजनी मंडळाला दिली. जठर बचत गटाच्या बायांना मिळालं. त्यांनी गोल कडं करून आत आलेलं अन्न घुसळायचं होतं, आणि कुठलाही विषय घुसळण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. यकृत आकारानं मोठं, म्हणून तिथं कवडूचं अख्खं खटलं उभं केलं, जावा-नणंदांसकट.

गुलाब मात्र उठून उभा राहिला. "गुरुजी, हृदय मी होतो. ट्रॅक्टर माझा, ट्रॉली माझी. सिहोऱ्याले सारा देह मीच तं नेऊन रायलो."

"गुलाबभाऊ, हृदयाले एकाच जागी उभं राहावं लागते. तुमी घास व्हा."

"घास? मले खातीन का हे लोकं?"

"अन् देह मांडला कोनासाठी? घासासाठी! घास तोंडातून आत येते, सारे अवयव त्याच्या सरबराईले उभे. नवरदेव तुमी, बाकी सारे वऱ्हाडी!"

नवरदेव म्हटल्यावर गुलाब पाघळला. "मंग फेटा बांधू का?"

"बांधा ना!"

पित्ताशय उरलं होतं. यकृताच्या खाली एक लहानशी पिशवी, एकच बाई पुरे. पित्ताचा रंग हिरवा, आणि हिरवं लुगडं मास्तरांच्या घरातच होतं. मास्तरांनी घसा खाकरून शकुनबाईंचं नाव घेतलं आणि सभेत हशा पिकला.

"मले पित्त केलं?" शकुनबाई उठल्या. "भावनाले हृदय, अन् मले पित्त?"

"अवो, पित्त नसन तं तेल-तूप पचत नाई! लय महत्त्वाचं काम आहे!"

"घरी चला, सांगतो तुमाले महत्त्वाचं काम."

सगळ्यात अवघड होतं लहान आतडं. त्याला माणसं हवीत पुष्कळ आणि तीही एका तालात चालणारी. अशी माणसं गावात एकाच ठिकाणी होती: धानाची रोपं लावणारी मंगलाबाईची रोवण्याची टोळी. नुकताच रोवणा आटोपलेला. या टोळीतल्या बाया चिखलात ओळीनं उभ्या राहिल्या की बांधी, म्हणजे बांधांमधली धानाची पट्टी, बघता बघता हिरवी होऊन जायची.

"आतडं?" मंगलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "गुरुजी, आतड्यात काय असते ते आमाले मालूम नाई का?"

"ते मोठं आतडं, मंगलाबाई! लहान आतडं म्हनजे देहाची बांधी. अन्नाचा सारा कस तिथंच जिरते. तिथं पिकलं तरच बाकी देह जगते."

बांधी म्हटल्यावर मंगलाबाईनं टोळीकडं पाहिलं, टोळीनं मंगलाबाईकडं. "मंग करू," ती म्हणाली. मोठ्या आतड्याला मात्र एकही माणूस तयार होईना. बाप्ये तर नाव घेताच शाळेच्या दारापर्यंत सरकले. तेव्हा मोठं आतडं नुसतंच फक्कीनं आखायचं ठरलं.

तालीम सुरू झाली. मास्तरांनी आधी शास्त्र सांगितलं. "शरीराची शास्त्रीय स्थिती लक्षात ठेवा. सरळ, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढं. दुनियेत कोठीही जा, डॉक्टर देहाचं वर्णन याच स्थितीतून करतेत."

"अश्या तं आमी तलाठ्यापुढं उभ्या रायतो," मंगलाबाई म्हणाली. "हात रिकामे हायेत हे दाखवाले."

"अन् उजवं-डावं म्हनजे देहाचं उजवं-डावं. पाहनाऱ्याचं नाही! यकृत देहाच्या उजवीकडे!"

कवडूचं खटलं धावलं ते थेट डावीकडं, म्हणजे प्लीहेच्या जागेवर! परत बोलावलं, तर अर्ध्या जावा उजवीकडं आल्या आणि नणंदा जठरात घुसल्या. बचत गटानं त्यांना तिथंच घुसळायला घेतलं. मास्तर घामाघूम झाले. हेच ते, उभ्या नोकरीचं दुखणं! मग देहाला प्रदक्षिणा घालता घालता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. उताण्या देहाच्या उशाशी उभं राहून त्याच्या पायांकडं पाहिलं, तर त्याचं उजवं तेच आपलं उजवं! पायथ्याशी उभं राहिलं की सगळं उलटं. म्हणजे मेळाव्यात देहाचं डोकं व्यासपीठाकडं ठेवायचं. पाहुण्यांचं उजवं-डावं आणि देहाचं उजवं-डावं एक होईल, कुणाचा घोटाळा होणार नाही!

आपल्या हुशारीवर मास्तर इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी घरी दोनदा चहा मागितला. देहाचं डोकं व्यासपीठाकडं म्हणजे तोंडही व्यासपीठाकडंच उघडणार, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. हुशारीचं असंच असतं. ती एका बाजूचं दार लावते आणि दुसरीकडची खिडकी उघडी सोडते.

चालण्याचा ताल मास्तरांच्या शिट्टीवर होता. एक शिट्टी, एक पाऊल. गुलाब तोंडातून आत यायचा, दोरीनं आखलेल्या अन्ननलिकेतून खाली उतरायचा, जठरात दोन गिरक्या घ्यायचा आणि आतड्यात शिरायचा. मंगलाबाईची टोळी वळणावळणाच्या वाटेत एकीमागे एक उभी असायची, मधे गुलाब. शिट्टी वाजली की सगळी रांग एक पाऊल पुढं. "याले क्रमाकुंचन म्हनतात!" मास्तर ओरडायचे. तालमीत ते असं बिनचूक व्हायचं, की सुशीलाबाईंनीही एकदा मान डोलावली.

मेळाव्याचा दिवस उजाडला. गुलाबच्या ट्रॉलीत सारा देह दाटीवाटीनं बसून सिहोऱ्याला निघाला. गुलाबनं केशरी फेटा बांधला होता आणि अंगभर अत्तर शिंपडलं होतं. घासाचा असा घमघमाट कुठल्याही देहानं अनुभवला नसेल.

मैदानावर पोचले तर काय! शेजारच्या गावानं थर्माकोलचा देह उभा केला होता, आणि त्याच्या नसानसांतून लाल-निळे दिवे पळत होते. बटण दाबलं की हृदय लुकलुकायचं! मास्तरांच्या पोटात गोळा आला. नेमका कुठं आला, हेही त्यांना ठाऊक होतं. ते मनातल्या मनात म्हणाले, "गेला पुतळा. मार्चमध्ये आपण असेच घरी बसणार, आणि गाव उजव्या छातीवर हात ठेवून आपल्याला निरोप देणार." डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी फक्की गेली म्हणून पुसलं.

"गुरुजी, काहून घाबरून रायले?" मंगलाबाईनं हळूच म्हटलं. "तो दिव्याचा देह. आमी जित्या बाया हाओ."

खैरटोल्याचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठावर तालुक्याचे मोठे डॉक्टर मधल्या खुर्चीत, आजूबाजूला परीक्षक. देहाचं डोकं बरोबर त्यांच्यासमोर. अवयव आपापल्या जागी उभे राहिले. भजनी मंडळानं श्वास आत घेतला, भावनाताईंचं हृदय डफावर ठोके देऊ लागलं, आणि गुलाब थाटात तोंडातून आत शिरला. टाळ्या पडल्या! अन्ननलिका झाली, जठर झालं. बचत गटानं असं घुसळलं की फेट्याचा एक पदर सुटला. घास आतड्यात गेला. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली.

तेवढ्यात शेजारच्या मैदानावर कबड्डीचा सामना सुरू झाला!

तिथल्या पंचाची शिट्टी थांबेना. पंच शिट्टी वाजवायचा आणि खैरटोल्याचं आतडं पाऊल टाकायचं. मास्तर वाजवायचे आणि तिकडं कबड्डीचा गडी थांबायचा! अर्धी रांग याच्या शिट्टीवर, अर्धी त्याच्या. आतड्याला गाठ पडायची वेळ आली.

"गुरुजी, कोनाची शिटी आयकाची?" मंगलाबाई ओरडली.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. क्षणभरच केला, हेच चुकलं. "शिटी सोडा!" ते गरजले. "तुमचं रोवण्याचं गानं म्हना! त्याच्या ठेक्यावर पाऊल टाका!"

आता तुम्ही धानपट्ट्यातले असाल, तर इथंच कपाळाला हात लावला असेल. नसाल तर सांगतो. रोवण्यात बाई पुढं चालत नाही. पुढं चालली तर आपलाच लावलेला पऱ्हा, ती धानाची कोवळी रोपं, तुडवेल. ती कमरेत वाकते, पऱ्हा रोवते आणि एक पाऊल मागं सरकते. पुन्हा रोवते, पुन्हा मागं. पोरगी आईसोबत बांधीत उतरते तेव्हापासून ते गाणं आणि तो मागचा पाय एकत्रच अंगात मुरतात. रोवण्याचं गाणं तोंडात आणि पाऊल पुढं, असं खैरटोल्यात अजून कुणी पाहिलेलं नाही!

मंगलाबाईनं सूर लावला, "पऱ्हा हिरवा गा, पऱ्हा हिरवा..." आणि सगळी टोळी एकदम कमरेत वाकली. एक पाऊल मागं. दुसरं पाऊल मागं. हात आपोआप गवत खुपसू लागले.

"अवो मंगलाबाई!" मधल्या गुलाबची किंकाळी आली. "कोठी चालल्या? मी हाओ ना मागं!"

कोण ऐकतं! टोळी गाण्यात रंगली होती. पुढच्या बाया मागं सरकत गुलाबवर आल्या, गुलाब मागच्या बायांवर गेला, आणि मागच्या बाया आधीच मागं निघालेल्या! सगळं आतडं उलट्या पावली चालू लागलं. ठेका तर असा पक्का, की थांबवायची कुणाची छाती नव्हती. मास्तर डावीकडून धावले, उजवीकडून धावले. "पुढे! पुढे!" ओरडले. गाण्यात त्यांचा आवाज बुडाला.

आतड्याच्या तोंडाशीच शकुनबाईंचं पित्ताशय होतं. पाठमोरी टोळी येताना पाहून त्या ओरडल्या, "थांबा वो बायांनो! पाहा तं जरा!" पण पहिला धक्का बसला आणि हिरव्या लुगड्यासकट त्या प्रवाहात ओढल्या गेल्या. पाठोपाठ आतडं जठरात घुसलं. बचत गटाचं कडं तालमीप्रमाणे आलेलं अन्न घुसळू लागलं, पण या वेळी अन्न फार होतं. जठरानं दम धरला, फुगलं आणि जोरात आकसलं!

गुलाब अन्ननलिकेत फेकला गेला, मागोमाग शकुनबाई. भावनाताईंच्या हृदयाचे ठोके दुप्पट झाले. भजनी मंडळाची फुप्फुसं हसून हसून धापा टाकू लागली. आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, देहाच्या उघड्या तोंडातून, व्यासपीठाच्या पायरीवर, डॉक्टरसाहेबांच्या थेट पुढ्यात, केशरी फेटेवाला घास सपशेल आडवा पडला!

त्याच्या मागं, पदर सावरत, हिरवं पित्त उभं होतं. ते नवऱ्याकडं असं बघत होतं की मास्तरांनी नजर आकाशाकडं वळवली.

गाणं थांबलं. कबड्डीसुद्धा थांबली. सुशीलाबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. पुढचं त्यांना बघायचं नव्हतं. मास्तरांचा हात मिशीकडं गेला.

आणि डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठले.

"उलटी!" ते ओरडले. "अहो, उलटी दाखवली यांनी!"

सगळे बघत राहिले. साहेबांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "मंडळी, इतकी वर्षं मी असल्या स्पर्धा पाहतो आहे. सगळे जण अन्न तोंडातून खाली नेतात आणि मोकळे होतात. या महिन्यात तालुक्यात हगवण-ओकारीची साथ आहे. लोक मला विचारतात, खाल्लेलं वर कसं येतं? हे बघा, असं येतं! आधी आतडं उलट्या दिशेनं सरकतं, मग जठर आकसतं. याला उलट क्रमाकुंचन म्हणतात! आणि या बाई..." त्यांनी शकुनबाईंकडं हात केला. "उलटीत शेवटी हिरवं, कडू पडतं ना? ते आतड्यात आलेलं पित्त! तेसुद्धा या लोकांनी सोडलं नाही!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. शकुनबाईंना एवढ्या टाळ्या लग्नातही पडल्या नव्हत्या. त्यांनी पदर नीट केला आणि हात जोडले.

"मास्तर, हे मुद्दाम बसवलं ना?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी मंगलाबाईकडं पाहिलं. मंगलाबाई आभाळातला ढग बघत होती. गुलाब पायरीवर पडल्या पडल्या मान हलवून "हो म्हना, हो म्हना" सांगत होता.

"मुद्दामच, साहेब!" मास्तर छाती पुढं काढून म्हणाले. "तालमीत लय घाम गाळला!"

एका परीक्षकानं शंका काढली, "पण मोठं आतडं रिकामंच कसं? तिथं कुणी उभं नाही!"

"सर," मास्तर आता थांबणार नव्हते. "एवढी उलटी झाल्यावर तिथं पोचायला काय उरणार?"

साहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि निकाल तिथंच लागला. पहिला नंबर, खैरटोला! थर्माकोलच्या देहातले दिवे तेवढ्यात विझले म्हणतात. मास्तरांनी ते पाहिलं नाही, पण ऐकून त्यांना बरं वाटलं.

परतीची मिरवणूक काय सांगावी! ट्रॉलीच्या मधोमध पुतळा उभा, एका बाजूला गुलाब, दुसऱ्या बाजूला मंगलाबाईची टोळी. पुतळ्याच्या अंगावर अर्धी कातडी आणि कपडा एकही नाही. "असा उघडा गावातून नेता का?" म्हणत शकुनबाईंनी त्याला पंचा गुंडाळला. गुलाबनं स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. डफ वाजला, गुलाल उडाला. गावाच्या वेशीवर मास्तरांनी पुतळ्याची छाती उघडली, लाल हृदय हातात घेतलं आणि त्याच्या डाव्या बाजूला टेकवून ओरडले, "पाहून घ्या रे! डावीकडे! देहाच्या डावीकडे!" आणि सगळ्या खैरटोल्यानं, म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत, सवयीनं उजव्या छातीवर गेलेला हात उचलून डावीकडं नेला! मास्तरांनी डोळे पुसले. त्यांनी या वेळी फक्कीचं निमित्तही केलं नाही.

शाळेत पुतळा टेबलावर आडवा ठेवला आणि बायांचा गराडा पडला. प्रत्येकीला स्वतःला बघायचं होतं.

"गुरुजी, मी कोनती?"

"मले दाखवा ना, जठर कोठी हाये?"

कवडूच्या घरच्या जावांनी यकृत उचलून तोलून पाहिलं आणि वजनदार आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. शकुनबाईंनी पित्ताशय शोधलं. बोराएवढं, हिरवं. "इतकुसं?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "लहान हाये, पन भारी पडते." मंगलाबाईच्या टोळीनं आतडं बाहेर काढलं, हातोहात फिरवलं आणि त्याची वळणं पाहून आपापल्या उभं राहण्याच्या जागा ओळखल्या. बघता बघता देह पार रिकामा झाला.

मग मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक अवयव आत ठेवायला सुरुवात केली. फुप्फुसं बसली. हृदय बसलं. यकृत बसलं, पित्ताशय बसलं, जठर बसलं. आतडं मंगलाबाईनं स्वतः बसवलं, वळणाला वळण लावून. हात झटकले आणि म्हणाली, "आता कोनी हात लावाचा नाई. लय मेहनतीनं बसलं." झाकण ठेवलं, खट्ट आवाज आला, टाळ्या वाजल्या.

आणि मास्तरांची नजर टेबलावर गेली. तिथं पिवळसर, लांबट, गुठळ्यागुठळ्यांचा एक अवयव पडून होता.

स्वादुपिंड! त्याची जागा जठराच्या मागं. म्हणजे झाकण काढा, आतडं काढा, जठर काढा. मास्तरांनी मंगलाबाईकडं पाहिलं. ती पुतळ्याच्या पोटावर हात ठेवून उभी होती. चहा आला होता. मास्तरांनी रुमाल काढल्यासारखं केलं आणि स्वादुपिंड झब्ब्याच्या खिशात टाकलं.

"सगळं बसलं ना, मास्तर?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"सगळं, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, स्वादुपिंड दिसत नाही."

"जठराच्या मागं असते, बेटा. समोरून दिसतच नाही," मास्तर म्हणाले. आणि यात शास्त्राच्या दृष्टीनं एकही शब्द खोटा नव्हता.

झब्बा मात्र धुण्यात गेला. शकुनबाईंनी खिशात हात घातला आणि किंचाळल्या, "अवो! हे काय आनलं वो घरी? कोनाचं हाये?"

मास्तरांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"मंग हे नसलं तं काय होते?"

"रक्तात साखर वाढते."

शकुनबाईंनी ते पिवळं स्वादुपिंड हातात धरून नवऱ्याकडं पाहिलं. "म्हनजे गावात पाय ठेवल्या ठेवल्या तुमी त्याले शुगर लावली!"

"कोनाले सांगू नको, तुले माझी शपथ!"

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त भावनाला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर शाळेत पोचले तर पुतळ्याच्या खोलीत मंगलाबाई उभी. तिच्या हातात झाकलेला पेला होता.

"गुरुजी, आपल्या देहाले शुगर झाली म्हनतात," ती काळजीनं म्हणाली. "कारल्याचा रस आनला. थोडा तुमी घ्या, तुमची बी कालपासून तब्येत उतरल्यासारखी दिसते. बाकीचा त्याले कोठून पाजू, ते सांगा."